राजाजीनगरातली पाच मराठी कुत्री

‘‘आत्या स्वल्प तापट आहे. तिच्याकडं बघू नका, सरळ आत या. मामाला दिसत नाही, तो काही करणार नाही. वहिनी कॉटखाली असते, ती बाहेर येतच नाही.’’

वरचा मजला भाड्यानं मिळेल का, हे विचारायला मी फोन केला होता. त्यावर घरमालकीण सरोजाक्कांनी एवढंच सांगितलं आणि फोन ठेवून दिला. मी बायकोला म्हटलं, मेघना, घर मराठी आहे हे चांगलंच, पण माणसं फार दिसतात आणि बहुतेक सगळी आजारी आहेत. वडीलधाऱ्यांच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून आम्ही वाटेत म्हैसूरपाक घेतला. बेंगळुरातल्या राजाजीनगरच्या त्या अरुंद गल्लीतलं फाटक ढकललं, तर समोर एक काळी कुत्री दात विचकून उभी. पायरीवर एक पांढुरका म्हातारा कुत्रा नाक वर करून आमचा वास घेत होता. आणि दारात एक उंच, काटकुळी बाई, निऱ्या कमरेला खोचलेल्या, हातात भाताचा डाव. ‘‘आत्या, बस,’’ त्या म्हणाल्या, आणि काळी कुत्री बसली. तेव्हा कुठं आमच्या डोक्यात प्रकाश पडला. मेघनाला हसू आवरेना. म्हैसूरपाकाचा डबा बघून अक्का अगदी गंभीरपणे म्हणाल्या, की मामाला गोड वर्ज्य आहे, बाकीच्यांना कणभर चालेल.

मला कुत्र्यांची भीती वाटते. लहानपणी सांगलीत एकदा पोटरीला दात लागले होते, तेव्हापासून मी कुत्रं दिसलं की रस्ता बदलतो. तरीही ती जागा आम्ही घेतली, ती अक्कांच्या मराठीमुळं. दिवसभर महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी बोलून तोंड आंबून गेलेलं असायचं. संध्याकाळी फाटकाशी आलो की आतून ‘‘अरे दादा, स्वल्प सरक की रे, मला पण बसायचंय’’ असं ऐकू यायचं आणि घरी आल्यासारखं वाटायचं. ते मराठी आमच्यासारखं नव्हतं. त्यात ‘बरं’ऐवजी ‘सरी’ होतं, ‘थोडं’ऐवजी ‘स्वल्प’ होतं, ‘अय्यो’ होतं, आणि मधूनच आमच्या आजीच्याही तोंडी नसतील असे जुने शब्द होते. अक्कांचं घराणं बेंगळुरात कधी आलं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ‘‘आमचे लोक घोड्यावरनं आले की,’’ त्या सांगायच्या. ‘‘मग घोडा मेला असेल. राहिले इथंच.’’

गंमत म्हणजे अक्का कन्नडच्या शिक्षिका. सरकारी शाळेत त्यांनी जन्मभर कन्नड शिकवलं, आणि ते असं की रिक्षावाल्यानं एखादा शब्द चुकीचा म्हटला तर त्याला रिक्षा बाजूला घ्यायला लावून दुरुस्त करायच्या. निम्म्या राजाजीनगरानं त्यांच्या हातच्या पट्ट्या खाल्लेल्या. पन्नाशीचे, पोट सुटलेले पुरुष त्यांना बघून स्कूटरवरून उतरायचे. पण उंबऱ्याच्या आत मराठीच, हा त्यांच्या आईचा नियम होता आणि तो अक्कांनी मोडला नाही. लग्न केलं नाही. आई गेली, मग धाकटा भाऊ गेला. भावाची मुलगी शीला महादेवपुऱ्यात एका मोठ्या सोसायटीत राहते. मनानं फार चांगली पोर, पण तिची आई कन्नड, शाळा इंग्रजी, आणि मराठी तिच्या वाट्याला आलंच नाही. तेव्हा उंबऱ्याच्या आत मराठी कुणाशी बोलायचं, तर या पाच कुत्र्यांशी.

त्यांची नावं तशी का, हे मी एकदा विचारलं. अक्का नाचणीचं पीठ घोटत होत्या. म्हणाल्या, ‘‘आत्या, मामा म्हणायला आता कोण आहे मला? म्हटलं, तोंडाची सवय तरी जायला नको.’’ आणि हसल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, की मामा आहे, आत्या आहे, तर तुला भाचा म्हणायला हरकत नाही. त्या दिवसापासून मी भाचा झालो. एका आंधळ्या कुत्र्याचा भाचा. मेघना अजूनही त्यावरून मला चिडवते.

त्या घरात सकाळ व्हायची ती नाचणीच्या वासानं. मोठ्या पातेल्यात नाचणी शिजायची, त्यात भात, दही, कधी अंडी. जर्मनच्या पाच ताटल्या पडवीत ओळीनं मांडल्या जायच्या आणि जो आधी घरात आला त्याला आधी, या हिशेबानं वाढलं जायचं. सगळ्यांचं वाढून होईपर्यंत कुणी तोंड लावायचं नाही. अक्का स्वतःचं ताट घेऊन ओळीच्या शेवटी जमिनीवर बसायच्या, ‘‘हं, बसा जेवायला’’ म्हणायच्या, आणि मग सहा तोंडं एकदम सुरू व्हायची. मी हे वरच्या गॅलरीतून रोज बघायचो. आमच्या घरी दोन माणसांना एका वेळी जेवायला बसवणं मेघनाला जमत नाही.

केसांबद्दल काय सांगावं. अक्कांच्या साडीवर केस, उशीवर केस, लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर केस. एकदा त्यांनी आम्हाला चिरोटे दिले, त्यातही एक सोनेरी केस निघाला. मेघनानं तो हळूच बाजूला काढला. अक्कांच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘धाकटीचा आहे. स्वच्छ असते ती.’’ धाकटी म्हणजे पाचांतली सगळ्यात लहान, कुणाची तरी चप्पल पळवल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे.

अक्कांची चिकाटी मला कळली ती वहिनीमुळं. वहिनीचा मागचा एक पाय मोडलेला होता. कुणी मोडला ते माहीत नाही, पण माणसाचा पाय दिसला की ती थरथरायची. अक्कांकडं आली आणि थेट कॉटखाली गेली. कुणीही तिला ओढून बाहेर काढायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. अक्का ताटली कॉटखाली सरकवायच्या आणि स्वतः पलीकडं तोंड करून बसायच्या. मग महिनोन् महिने ती ताटली रोज बोटभर बाहेर येत गेली. मी एकदा म्हटलं, अक्का, याला किती दिवस लागणार? तर म्हणाल्या, ‘‘लागू दे. घर तिचं पण आहे की.’’ एके दिवशी मी भाडं द्यायला खाली गेलो, तर वहिनी पंगतीत बसून जेवत होती. अक्का तिच्याकडं बघतही नव्हत्या. फक्त डोळे वाहत होते आणि त्या भात कालवत होत्या.

पण अक्का म्हटलं की मला सगळ्यात आधी आठवते ती दिवाळी. आमच्या गल्लीत फटाक्यांचा फार जोर. पहिल्या वर्षी संध्याकाळी आम्ही फराळ घेऊन खाली गेलो, तर दार लोटलेलं, दिवे बंद, आणि मोरीतून आवाज येत होता. ‘‘बे एके बे, बे दुणे चार.’’ मी डोकावलो. मोरीत जुनी गोधडी अंथरलेली, खिडकीला उशा लावलेल्या, आणि मध्ये अक्का मांडी घालून बसलेल्या. मामाचं डोकं मांडीवर, आत्या आणि दादा दोन बाजूंना चिकटून, धाकटी पदराखाली, आणि वहिनी त्यांच्या पाठीशी. बाहेर माळ लागली की अक्कांचा आवाज चढायचा, माळ संपली की उतरायचा. त्यांना अंकगणित यायचं ते फक्त मराठीत, आईनं शिकवलेलं. बेपासून सुरुवात करून त्या वर चढत जायच्या. सतराचा पाढा काही त्यांना येत नसे. ‘सतरा साते’ला अडखळल्या की ‘‘अय्यो, जाऊ दे’’ म्हणून पुन्हा बे एके बे. कुत्री थरथरत होती, पण पळत नव्हती. मेघना फराळाचं ताट बाहेर ठेवून सरळ आत जाऊन बसली आणि पाढे म्हणायला लागली. मी दारातच उभा राहिलो. त्यानंतर दर दिवाळीला आमचं हेच ठरून गेलं.

मग गेल्या वर्षी अक्कांच्या पोटात गाठ निघाली.

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हाही त्या नाचणी घोटत होत्या. डॉक्टरांनी फार उशीर झाला म्हणून सांगितलंय, ऑपरेशनचा उपयोग नाही. शीला स्वतःकडं राहायला ये म्हणून मागं लागली होती. तिच्या सोसायटीत एक कुत्रं ठेवता येतं, पाच नाही. अक्कांनी पातेलं खाली उतरवलं आणि म्हणाल्या, ‘‘माझं ठरलंय भाच्या. यांचं ठरायचंय. यांची घरं लागल्याशिवाय मी इथनं हलणार नाही.’’

त्यांनी हातपाय हलवायला सुरुवात केली. जुन्या विद्यार्थ्यांना फोन झाले. बोम्मसंद्र्यात लेथचा कारखाना चालवणारा नागराज दादाला न्यायला तयार झाला. त्याला राखण करणारं मोठं कुत्रं हवंच होतं, आणि टीचरांचं कुत्रं म्हणजे काय, तो हात जोडूनच उभा राहिला. दादा गाडीत बसून गेला. त्या संध्याकाळी पंगतीत चार ताटल्या मांडल्या गेल्या. अक्का जेवल्या नाहीत, पण समाधानी दिसल्या. निदान एकाचं झालं, असं त्या दोनतीनदा म्हणाल्या.

आठवडाभरात नागराजचा फोन आला. कुत्रा गुणी आहे, टीचर, पण बिचारा बहिरा आहे. हाक मारली तर येत नाही, बस म्हटलं तर बसत नाही, नुसता फाटकाकडं तोंड करून उभा असतो. जेव म्हटल्यावरही कळत नाही, ताटली पुढं असून उपाशी राहतो. कानाच्या डॉक्टरांना दाखवू का?

अक्कांना बरं नव्हतं, तरी दुसऱ्याच दिवशी आम्ही टॅक्सी करून होसूर रोडनं बोम्मसंद्र्याला गेलो. कारखान्याच्या आवारात पत्र्याच्या सावलीत दादा पडलेला, बरगड्या दिसत होत्या. नागराजनं आम्हाला दाखवायला म्हणून हाक मारली, ‘‘बारो, राजा, बा इल्ली.’’ राजा हे दादाचं तिथलं नाव, त्याला इकडं ये म्हणत होता तो. दादानं कानसुद्धा हलवला नाही. यंत्राचा खडखडाट चालू होता. अक्का फाटकाच्या बाहेरच उभ्या होत्या, आणि तिथून त्या, शेजारच्या माणसालाही ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाल्या, ‘‘ये रे दादा.’’

दादा असा धावत सुटला की वाटेतली तेलाची बादली उलटली. नागराज आणि त्याची माणसं पोट धरून हसली. म्हणजे याला ऐकू येतं, पण कन्नड येत नाही. कन्नडच्या टीचरचं कुत्रं आणि त्याला कन्नड येत नाही. मलाही हसू आलं. अक्का हसल्या नाहीत. दादाचं डोकं पोटाशी धरून त्या उभ्या होत्या, आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

दादाला घेऊनच आम्ही परत निघालो. गाडी रहदारीत अडकली तेव्हा अक्का म्हणाल्या, ‘‘गावाच्या पोरांना शिकवलं. घरच्यांना नाही शिकवलं. उद्या मी गेले, की यांना कोण काय बोलतंय ते कळणार नाही. उपाशी मरतील ही.’’ मी काहीतरी समजूत घालायला गेलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. वर्गात थांबवत असतील तसा.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरातलं मराठी बंद झालं.

आम्हालाही खाली बोलावून बजावण्यात आलं, की फाटकाच्या आत यायचं तर कन्नडमध्ये, नाही तर इंग्रजीत. कुत्र्यांसमोर मराठीचा एक शब्द नको. नावंही बदलली, कारण कुणाच्या घरी कुत्रीला वहिनी कोण म्हणणार? दादा राजा झाला, आत्या रोझी, वहिनी लक्ष्मी, धाकटी चिन्नी. मामा तेवढा मामाच राहिला. पडवीत शाळा भरली. अक्का खुर्चीत बसायच्या, कारण आता उभं राहवत नसे, आणि एकेकाला पुढं घ्यायच्या. ‘बा’ म्हणजे ये. ‘कूतको’ म्हणजे बस. ‘ऊटा’ म्हणजे जेवण. कुत्री त्यांच्या तोंडाकडं बघत राहायची. पहिले काही दिवस फार वाईट गेले. पाचही जणं ओळीत बसलेली, ताटल्या वाढलेल्या, अक्का म्हणताहेत ‘‘ऊटा माडी’’, म्हणजे जेवा, आणि कुणी तोंड लावत नाही. ‘‘बसा जेवायला’’ हे ऐकू यायची वाट बघताहेत. अक्का पुन्हा म्हणायच्या, ‘‘ऊटा माडी.’’ त्यांचा आवाज फाटायचा, पण ते दोन मराठी शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. शेवटी धाकटीनं हावरटपणानं सुरुवात केली आणि तिचं बघून बाकीचे शिकले.

आम्ही गॅलरीत उभे राहून हे बघायचो. मेघना एकदा रडत आत गेली आणि म्हणाली, ही बाई स्वतःचं घर स्वतःच्या हातानं उसवतेय. खरंच होतं ते. त्या अंगणात अक्का आता माझ्याशीही मराठी बोलायच्या नाहीत, कारण आम्ही बोलायला लागलो की पाच जणांचे कान उभे राहायचे. मग त्यांनी एक वाट काढली. तिसऱ्या प्रहरी कुत्री झोपली की त्या कठड्याला धरून जिना चढून वर यायच्या. धाप लागलेली असायची. खुर्चीत बसून आधी पाणी प्यायच्या, आणि मग बोलत सुटायच्या. काहीही. आईनं केलेली भाजणी, भावानं लपवलेली पाटी, कुणाच्या लग्नात कोण रुसलं. मध्ये थांबून एखादा शब्द आठवायच्या, सापडला की तोंडात घोळवायच्या. आम्ही दोघं नुसती ऐकत बसायचो. खालून कुणी भुंकलं की त्या उठायच्या, पदर सारखा करायच्या, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पुन्हा कन्नड व्हायच्या.

कुत्री हुशार निघाली. मराठी विसरली नसतील, पण कन्नड शिकली. एकेक घर लागत गेलं. दादा पुन्हा बोम्मसंद्र्याला गेला. आत्याला त्यांच्या शाळेतल्या एक निवृत्त बाई घेऊन गेल्या, त्याही तापटच होत्या. धाकटी शीलाकडं गेली. वहिनीला न्यायला एक तरुण जोडपं आलं, तेव्हा अक्कांनी त्यांना कॉटखाली ताटली कशी सरकवायची ते दाखवलं, आणि घाई करू नका म्हणून चारचारदा सांगितलं. वहिनी गाडीत चढेना. अक्का ‘‘होगम्मा, होगु’’ म्हणजे जा बाई, जा, म्हणत राहिल्या. गाडी वळली आणि अक्का तिथंच फाटकाशी खाली बसल्या. मी आणि मेघनानं त्यांना धरून आत नेलं.

काही दिवसांनी त्यांनी बोम्मसंद्र्याला जायचा हट्ट धरला. दादाचं नीट चाललंय का, हे डोळ्यांनी बघायचं होतं. आता त्यांना गाडीतून उतरायलाही आधार लागत होता. या वेळी दादा अंगानं भरलेला, गळ्यात नवा लाल पट्टा. अक्कांना बघून तो धावत आला, वास घेतला, शेपूट हलवत उड्या मारल्या, कुंईकुंई केलं. अक्का हात पुढं करून उभ्या राहिल्या, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. तेवढ्यात शेडमधून नागराजनं हाक मारली, ‘‘राजा, बारो.’’ दादा क्षणभर घुटमळला. अक्कांकडं बघितलं, नागराजकडं बघितलं. त्या एका शब्दाची वाट बघत होता तो, हे मला कळत होतं, आणि अक्कांना तर कळतच होतं. त्या गप्प राहिल्या. दादा वळला आणि नागराजच्या पायाशी जाऊन बसला.

‘‘सरी,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘शिकला.’’

परतीच्या वाटेवर त्या तोंडावर पदर घेऊन इतक्या रडल्या, की टॅक्सीवाल्यानं गाडी कडेला घेऊन पाण्याची बाटली दिली.

राहता राहिला मामा. आंधळ्या, म्हाताऱ्या कुत्र्याला कोण नेणार? आणि त्याला कन्नड काही आलं नाही. अक्कांनी प्रयत्न केला, पण त्या कन्नड बोलायला लागल्या की मामा भिंतीकडं तोंड करून बसायचा. घरात कुणी परकी बाई आलीय, असं त्याला वाटत असावं. त्याला दिसत नव्हतं, त्याच्यासाठी अक्का म्हणजे त्यांचं बोलणंच. एके दिवशी मी खाली गेलो तर अक्का त्याच्या कानाशी वाकून पुटपुटत होत्या, ‘‘मी आहे रे मामा. मीच आहे. असं काय करतोस?’’ मला बघून त्या ओशाळल्या. चोरी पकडली गेल्यासारख्या.

त्याच दिवशी मेघनानं मला न विचारता अक्कांना सांगितलं, की मामाला आम्ही ठेवतो. आमच्याकडं त्याला नवीन काही शिकावं लागणार नाही. मी मान डोलावली. अक्कांनी माझ्याकडं रोखून बघितलं. ‘‘भाचा घाबरतो कुत्र्याला,’’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मामाला कोण घाबरतं? तेव्हा त्यांनी मामाची ताटली धुतली, पुसली आणि माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी शीला त्यांना घेऊन गेली.

महादेवपुरा माझ्या ऑफिसपासून जवळ. मी अधूनमधून डोकावायचो. धाकटी त्यांच्या पलंगाजवळ असायची, चिन्नी म्हटलं की यायची. अक्का तिच्याशी आणि शीलाशी कन्नडच बोलायच्या, माझ्याशी मराठी, पण हळूहळू बोलणं कमी होत गेलं. औषधानं गुंगी असायची. मग ऑफिसच्या कामानं मला काही दिवस बाहेर जावं लागलं, आणि परत आलो त्याच दिवशी शीलाचा फोन. इंग्रजीत म्हणाली, अत्ते, म्हणजे अक्का, आता कुणाला ओळखत नाहीत. हाक मारली तर बघत नाहीत, पाणी घ्या म्हटलं तर तोंड उघडत नाहीत. आणलेली नर्स म्हणते, ऐकू येणं बंद झालंय बहुतेक. भेटून घ्या.

ऐकू येणं बंद झालंय, हे ऐकताच मी मेघनाला तयार व्हायला सांगितलं आणि मामाला उचललं. एवढी वर्षं ज्या जातीला घाबरलो, त्यातल्या एकाला छातीशी धरून मी टॅक्सीत बसलो होतो आणि तो माझ्या हनुवटीचा वास घेत होता.

अक्का उशीवर एवढ्याशा दिसत होत्या. डोळे उघडे, नजर छताला. नर्स त्यांच्या कानाशी मोठ्यानं कन्नडमध्ये म्हणत होती, अम्मा, तोंड उघडा, स्वल्प पाणी घ्या. ज्या भाषेतल्या चुका काढण्यात आयुष्य गेलं, ती भाषा त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. शीला पायथ्याशी उभी राहून रडत होती. मी ‘अक्का’ म्हटलं, तर काही नाही, ते तर कन्नडही झालं. मग मी वाकून, हळू आवाजात म्हणालो, ‘‘बे एके बे.’’

काही झालं नाही. ‘‘बे दुणे चार,’’ मी म्हटलं. मेघना पुढं आली आणि माझ्याबरोबर म्हणायला लागली. बे त्रिक सहा, बे चोक आठ. अक्कांची मान वळली. ओठ हलले. आवाज नव्हता, पण बे पंचे दहा आम्हाला स्पष्ट दिसलं. शीलानं तोंडावर हात ठेवला. मेघनानं चमचाभर पाणी ओठाशी नेलं आणि म्हणाली, अक्का, पाणी घ्या. अक्कांनी घेतलं. नर्स माझ्याकडं बघत राहिली.

मी मामाला पलंगाच्या कडेवर टेकवलं. त्यानं नाक वर केलं, हवेत फिरवलं, आणि शेपूट पलंगाच्या लाकडावर आपटायला लागला. अक्कांचा हात चादरीवरून सरकत त्याच्या कानापर्यंत गेला. त्यांनी काहीतरी म्हटलं. नर्सनं मला विचारलं, काय म्हणाल्या?

‘‘ये रे मामा,’’ अक्का म्हणाल्या होत्या. ‘‘मी सरकते स्वल्प.’’

आणि एवढीशी उरलेली ती बाई, भिंतीच्या बाजूला, खरोखरच सरकायला लागली.